नागपूर व मध्य भारतातील विंटेज अमेरिकी मोटारी

नागपूर व मध्य भारतातील विंटेज अमेरिकी मोटारी हा विषय मुख्यतः १९२० ते १९६० या काळात या प्रदेशात वापरल्या गेलेल्या मोठ्या, महागड्या अमेरिकी मोटारगाड्यांशी, त्यांच्या मालकीशी आणि जीर्णोद्धाराशी संबंधित आहे. पॅकार्ड, कॅडिलॅक, ब्यूइक, लिंकन, क्रायस्लर इम्पीरियल आणि अत्यंत दुर्मीळ असलेली ड्युसेनबर्ग ही या वर्गातील प्रमुख नावे होत. भारतात या गाड्यांची आयात १९५० च्या दशकात जवळजवळ थांबली आणि त्यानंतर त्या स्थानिक मिस्त्रींनी केलेल्या तडजोडींवर तगून राहिल्या. डिझेल इंजिन, दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स, कापलेले छप्पर अशा ज्या बदलांमुळे अनेक गाड्या भंगारात जाण्यापासून वाचल्या, तेच बदल २०२१ च्या विंटेज नोंदणी नियमांनुसार अडचणीचे ठरतात. या प्रदेशातील जुन्या अमेरिकी गाड्यांच्या जीर्णोद्धाराचा प्रश्न त्यामुळे जगातील इतर ठिकाणांहून काहीसा वेगळा आहे.

संज्ञा

‘विंटेज’ हा शब्द बोलताना कोणत्याही जुन्या गाडीला लावला जात असला, तरी संघटनांच्या परिभाषेत त्याला निश्चित अर्थ आहे. ब्रिटिश परंपरेत १९१९ ते १९३० या काळातील गाडी विंटेज मानली जाते. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने (फिवा) हीच मर्यादा स्वीकारली असून १९३१ ते १९४५ च्या गाड्यांसाठी ‘उत्तर-विंटेज’ असा वेगळा वर्ग ठेवला आहे. अमेरिकेतील क्लासिक कार क्लब वयापेक्षा दर्जाला महत्त्व देतो. त्याच्या यादीत फोर्ड किंवा शेव्हरोलेटच्या सामान्य गाड्या बसत नाहीत, पॅकार्ड व कॅडिलॅक बसतात. भारतातील केंद्रीय नियमांनी मात्र एकच साधी कसोटी लावली आहे. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेले खासगी दुचाकी किंवा चारचाकी वाहन विंटेज समजले जाते. या कसोटीनुसार १९५९ ची कॅडिलॅकही विंटेज ठरते आणि त्याच काळातील फियाट ११०० देखील.

भारतातील आगमन

पहिल्या महायुद्धानंतर भारताच्या मोटार बाजारपेठेत अमेरिकी गाड्यांनी ब्रिटिश गाड्यांना मागे टाकले. ब्रिटनमध्ये मोटारीवरील कर इंजिनाच्या नळकांड्याच्या व्यासावर ठरत असे, त्यामुळे तेथील कारखाने अरुंद नळकांड्यांची, लांब दट्ट्याची छोटी इंजिने बनवीत. डेट्रॉइटच्या कारखान्यांपुढे अमेरिकेतील कच्चे ग्रामीण रस्ते होते. जमिनीपासून उंच चॅसिस, मोठे आणि सावकाश फिरणारे इंजिन, सैल पण दणकट पाटे ही त्यांची वैशिष्ट्ये भारतातील मुरमाच्या रस्त्यांना चांगली मानवली. चढावर गिअर न बदलता गाडी ओढण्याची क्षमता हा त्यांचा मोठा गुण मानला जाई.

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईतील शिवडी येथे जुळणी कारखाना सुरू केला. फोर्डनेही १९२६ पासून मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे व्यवसाय उभारला. १९३२ च्या ओटावा करारानंतर साम्राज्यांतर्गत मालाला जकातीत सवलत मिळू लागली, त्यामुळे कॅनडातील ओशावा व विंडसर येथील कारखान्यांत बनलेल्या अमेरिकी गाड्यांना विशेष महत्त्व आले. भारतातील अनेक जुन्या ब्यूइक आणि शेव्हरोलेट गाड्या उजव्या बाजूच्या सुकाणूच्या व कॅनेडियन बांधणीच्या आहेत. जीर्णोद्धार करणाऱ्याला ही गोष्ट आधी तपासावी लागते, कारण सुकाणूपेटी, पेडलांची जोडणी आणि डॅशबोर्ड हे भाग अमेरिकेतील डाव्या सुकाणूच्या गाडीतून काढून येथे बसवता येत नाहीत.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशी उद्योगही या क्षेत्रात उतरला. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने क्रायस्लरशी करार करून १९४७ पासून मुंबईतील कुर्ला येथे डॉज, प्लिमथ व डीसोटो गाड्यांची जुळणी केली. या गाड्या आलिशान वर्गात मोडत नसल्या तरी त्यांचे सुटे भाग पुढे कित्येक मोठ्या गाड्यांना उपयोगी पडले. जकात आयोगाच्या १९५३ च्या अहवालानंतर, टप्प्याटप्प्याने संपूर्ण उत्पादन करण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना जुळणी बंद करावी लागली. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद केला आणि फोर्डही त्याच सुमारास देशाबाहेर पडली. यानंतर मोठी अमेरिकी गाडी भारतात येण्याचे मुख्य मार्ग म्हणजे परदेशी वकिलाती आणि परदेशातून परतणारी मंडळी. वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या राज्य व्यापार महामंडळामार्फत विकल्या जात. १९६० च्या दशकातील शेव्हरोलेट इम्पालासारख्या कित्येक गाड्या या वाटेने भारतीय मालकांकडे आल्या. ‘इम्पाला’ हा शब्द मुंबईच्या बोलीत श्रीमंतीचा समानार्थी झाला तो याच काळात.

नागपूरची पार्श्वभूमी

नागपूरच्या भोसल्यांचे राज्य १८५३ मध्ये खालसा झाल्यामुळे या शहराला विसाव्या शतकात राज्य करणारा संस्थानिक नव्हता. कोल्हापूर, बडोदे, ग्वाल्हेर वा इंदूर येथे मोटारींचा इतिहास राजवाड्यातील मोटारखान्याभोवती फिरतो, तसा तो नागपुरात नाही. नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडाची राजधानी होती. गव्हर्नर, वरिष्ठ अधिकारी, १९३६ मध्ये स्थापन झालेल्या उच्च न्यायालयातील वकील मंडळी, कापड गिरण्यांचे व्यवस्थापक, मँगनीज खाणींचे मालक, जंगलाचे ठेकेदार आणि मोठे मालगुजार हा येथील मोटार बाळगणारा वर्ग होता. त्यांच्या गाड्या मिरवणुकीपेक्षा कामाच्या होत्या. भंडारा, बालाघाट, छिंदवाडा आणि चांद्याच्या जंगलातील रस्त्यांवर त्या वापरल्या जात.

या इतिहासाचा एक व्यावहारिक परिणाम आजही जाणवतो. संस्थानी गाडीची नोंद बहुधा राजवाड्याच्या दप्तरात, जुन्या छायाचित्रांत किंवा बांधणीकाराच्या वहीत सापडते. नागपूरच्या वकिलाची किंवा ठेकेदाराची ब्यूइक तीन-चार हात बदलून आलेली असते आणि तिचा इतिहास नोंदणीपुस्तकापलीकडे कोठे लिहिलेला नसतो. नोंदणीपुस्तकाचीही कथा गुंतागुंतीची आहे. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होते, त्या वर्षी ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. मोटार वाहन अधिनियम १९३९ चा होता. त्याची जागा १९८८ च्या अधिनियमाने घेतली आणि १ जुलै १९८९ पासून तो अमलात आला. नागपूरला पुढे एमएच-३१ हा संकेतांक मिळाला. एकाच गाडीवर तीन राजवटींतील तीन नोंदणी क्रमांक असणे त्यामुळे शक्य आहे आणि मधला एखादा दुवा हरवला की मालकी सिद्ध करणे अवघड होते.

होळकरांची ड्युसेनबर्ग

मराठी राजघराण्यांशी संबंधित अमेरिकी मोटारींपैकी जगभर सर्वाधिक ख्याती मिळालेली गाडी म्हणजे इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांची ड्युसेनबर्ग एसजे. यशवंतरावांचे (१९०८–१९६१) शिक्षण इंग्लंडमध्ये झाले होते. जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस यांच्याकडून त्यांनी इंदुरात माणिकबाग हा आधुनिक शैलीतील राजवाडा बांधून घेतला. त्यांच्या मोटारींच्या निवडीतही हीच आधुनिक दृष्टी दिसते.

फ्रेड व ऑगस्ट ड्युसेनबर्ग या बंधूंनी उभारलेली ही कंपनी इंडियानापोलिस येथील होती. १९२६ मध्ये ती एरेट कॉर्ड यांच्या मालकीची झाली आणि डिसेंबर १९२८ मध्ये तिने मॉडेल जे ही गाडी सादर केली. तिच्या इंजिनात एका ओळीत आठ नळकांडी, वर दोन कॅमशाफ्ट आणि प्रत्येक नळकांड्याला चार अशा एकूण ३२ झडपा होत्या. घनफळ ६.९ लिटर आणि कंपनीने जाहीर केलेली शक्ती २६५ अश्वशक्ती होती. सुपरचार्जर जोडलेल्या एसजे या प्रकाराची शक्ती ३२० अश्वशक्ती सांगितली जाई. त्या काळच्या सामान्य अमेरिकी गाडीच्या तुलनेत ही शक्ती तिपटीहून अधिक होती. १९३७ मध्ये कंपनी बंद होईपर्यंत मॉडेल जेच्या सर्व प्रकारांच्या मिळून पाचशेहून कमी गाड्या बनल्या.

कंपनी केवळ चॅसिस व इंजिन देत असे. सांगाडा ग्राहकाच्या पसंतीच्या बांधणीकाराकडून करून घ्यावा लागे. होळकरांनी हे काम लंडनच्या जे. गर्नी नटिंग या संस्थेकडे दिले. उपलब्ध चॅसिसपैकी लांब, सुमारे ३.९ मीटर अक्षांतराच्या चॅसिसवर केवळ दोन आसनांची, मागे नावेसारखी निमुळती होत जाणारी उघडी गाडी बांधण्यात आली. नारिंगी आणि काळा हे तिचे रंग होते. गाडीच्या पुढील भागात लाल व निळे दिवे होते. गाडी महाराज चालवत आहेत की महाराणी, हे पोलिसांना दुरून कळावे यासाठी ते असल्याचे सांगितले जाते. पुढे ही गाडी अमेरिकेत गेली आणि तेथील संग्राहकांच्या ताब्यात राहिली.

होळकरांच्या गाडीचे परदेशी जाणे हा अपवाद नव्हता. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर आणि विशेषतः १९७१ मध्ये तनखे रद्द झाल्यानंतर राजघराण्यांनी अनेक मोटारी विकल्या आणि त्यांतील कित्येक परदेशी व्यापाऱ्यांनी नेल्या. १९७० च्या दशकात विंटेज मोटारींच्या निर्यातीवर निर्बंध आले. १ जानेवारी १९५० पूर्वी बनलेल्या गाड्या व त्यांचे सुटे भाग यांना निर्यात धोरणात वेगळे स्थान आहे. देशात राहिलेल्या गाड्या देशातच दुरुस्त व्हाव्या लागल्या, त्यामागे हेही एक कारण आहे.

जुगाडाचा काळ

आयात थांबल्यावर सुटे भाग मिळेनासे झाले. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचा खर्चही बहुतेकांना परवडेना. लिटरमागे चार-पाच किलोमीटर धावणारी गाडी सांभाळणे म्हणजे दारात हत्ती बांधण्यासारखे होते. या परिस्थितीत मालकांपुढे तीन मार्ग होते. गाडी भंगारात विकणे, ती गोठ्यात किंवा पडवीत ताडपत्रीखाली ठेवून देणे, किंवा तिच्यात मिळेल ते बसवून ती चालू ठेवणे.

तिसऱ्या मार्गाने अनेक गाड्या जगल्या. आठ नळकांड्यांच्या इंजिनाच्या जागी ॲम्बॅसडरचे पेट्रोल इंजिन किंवा मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवले गेले. सहा व्होल्टची वीजयोजना काढून बारा व्होल्टची केली गेली. मालट्रकचे पाटे, जीपचे ब्रेक, बसच्या काचा असे जमेल ते वापरले गेले. लग्नाच्या वरातीसाठी उघड्या गाडीला मागणी असल्यामुळे कित्येक बंद सलून गाड्यांची छपरे कापून त्यांना कापडी टप लावण्यात आले. जीर्णोद्धाराच्या दृष्टीने हे सर्वांत घातक काम आहे. पोलादी छप्पर हा सांगाड्याच्या मजबुतीचा भाग असतो. ते कापले की काही वर्षांत दारे खाली येतात आणि चॅसिस मधोमध वाकते. इंजिन परत मिळवता येते, कापलेले छप्पर बहुधा नाही.

या काळातील मिस्त्रींच्या कामाकडे पाहण्याचे दोन दृष्टिकोन आहेत. काही संग्राहक त्यांना गाड्या बिघडवणारे मानतात. परंतु कारखान्याची माहितीपुस्तिका नसताना, परदेशी हत्यारे नसताना, केवळ लेथ आणि कानसीच्या जोरावर त्यांनी जे केले त्याशिवाय आज जीर्णोद्धारासाठी गाडीच उरली नसती. कोणता भाग मूळचा होता आणि कोणता नंतर बसवला, हे सांगू शकणाराही बहुधा तोच मिस्त्री असतो. हे ज्ञान क्वचितच लिहून ठेवले गेले आहे.

जीर्णोद्धार

फिवाच्या ट्यूरिन सनदेत जतन, संवर्धन आणि जीर्णोद्धार यांत भेद केला आहे. गाडी आहे त्या स्थितीत टिकवणे, तिचा ऱ्हास थांबवणे आणि हरवलेले भाग पुन्हा बसवून तिला पूर्वस्थितीत आणणे या तीन वेगळ्या क्रिया आहेत. यांपैकी शक्य तेवढा कमी हस्तक्षेप श्रेयस्कर, असे सनदेचे मत आहे. मूळ रंग, मूळ गाद्या आणि मूळ ओरखडे असलेल्या अस्पर्शित गाडीला आज चकचकीत रंगवलेल्या गाडीपेक्षा अधिक मान मिळू लागला आहे. भारतात मात्र ‘नवीकोरी दिसली पाहिजे’ हीच अपेक्षा अजून प्रबळ आहे आणि त्यापायी पुसला गेलेला मूळ रंग परत आणता येत नाही.

कामाची सुरुवात ओळख पटवण्यापासून होते. जुन्या पॅकार्डच्या इंजिनकक्षाच्या भिंतीवरील पट्टीवर विक्रेत्याचे नाव आणि गाडी सुपूर्द केल्याची तारीख कोरलेली असे. ती पट्टी जागेवर असेल तर गाडीचा पहिला मुक्काम कळतो. कॅडिलॅकच्या मूळ बांधणीची पत्रके अमेरिकेत जतन करून ठेवलेली आहेत. त्यावरून मूळ रंग, गाद्यांचे कापड व जोडलेली उपकरणे समजू शकतात. त्यानंतर गाडी उकलताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेणे, खिळ्या-बोल्टांना चिठ्ठ्या लावणे आणि तुटका भागही फेकून न देणे हे नियम पाळावे लागतात. तुटका भाग हाच नव्या भागाचा साचा असतो. खोक्यांत भरलेली, कधीच परत न जुळलेली गाडी हा अपुऱ्या नियोजनाचा नेहमीचा शेवट आहे.

इंजिनात सर्वांत कौशल्याचे काम बेअरिंगचे असते. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत, आणि ब्यूइकमध्ये १९४० च्या दशकातही, कनेक्टिंग रॉडमध्ये बॅबिट हा कथिलप्रधान पांढरा धातू वितळवून ओतला जाई आणि मग तो तासून क्रँकशी जुळवला जाई. आजच्या गाड्यांत तयार कवचे मिळतात, त्यामुळे ओतीव बेअरिंग करणारे कारागीर कमी झाले आहेत. पंप, जुने ऑइल इंजिन व साखर कारखान्यांची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या कार्यशाळांत ही विद्या अजून आढळते. नळकांडी झिजली असल्यास बाही (स्लीव्ह) घालून पुन्हा मूळ मापावर आणली जातात. आठ नळकांड्यांच्या लांब ठोकळ्यात पाण्याच्या वाटा क्षारांनी बुजलेल्या असतात. मागील दोन नळकांडी तापण्याचे कारण बहुधा तेच असते.

जुन्या सांगाड्याचे पत्रे लाकडी चौकटीवर ठोकलेले असत. जनरल मोटर्सने संपूर्ण पोलादी छप्पर १९३५ च्या गाड्यांपासून आणले आणि त्यानंतर लाकूड हळूहळू नाहीसे झाले. अमेरिकेत या चौकटीसाठी ॲश जातीचे लवचीक लाकूड वापरत. विदर्भात पन्नास वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत ही चौकट बहुधा वाळवीने खाल्लेली असते आणि पत्र्याला आधार देणारे काहीच उरलेले नसते. तिच्या जागी सागवान वापरण्याची भारतीय बांधणीकारांची परंपरा जुनी आहे. गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीचे सागवान प्रसिद्ध असून नागपूरच्या कारागिराला ते परके नाही. सागाला वाळवी सहसा लागत नाही, परंतु त्यातील नैसर्गिक तेलामुळे सरस नीट धरत नाही आणि ते ॲशइतके लवत नाही. सांधे स्क्रूने बांधावे लागतात. काटेकोर परीक्षक सागवान मूळबरहुकूम मानत नाहीत. ते न वापरावे असे सांगणे मात्र वाळवीच्या प्रदेशात कठीण आहे.

चकाकणाऱ्या भागांपैकी पितळी किंवा पोलादी भागांवर तांबे, निकेल व क्रोम यांचे थर पुन्हा चढवता येतात. दारांच्या मुठी, बोनेटवरील मूर्ती, दिव्यांची कोंदणे हे भाग मात्र बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. त्यांना आतून फोड येतात आणि आम्लात टाकल्यास ते विरघळू लागतात. असा भाग पितळेत नव्याने ओतून घेणे हा नेहमीचा उपाय आहे. रंगकामात १९२० च्या दशकापासून नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरले जाई. त्याचे अनेक पातळ थर देऊन ते हाताने घासावे लागत, त्यामुळे त्याची चमक खोल आणि मऊ दिसते. आजचे दोन घटकांचे पॉलियुरेथेन रंग टिकाऊ असले तरी जुन्या गाडीवर ते काचेसारखे दिसतात.

सुट्या भागांसाठी मुंबईतील कुर्ल्याचा भंगार बाजार आणि चोरबाजार ही जुनी ठिकाणे आहेत, पण तेथील अमेरिकी माल आता संपत आला आहे. रबरी पट्ट्या, गॅस्केट, पांढऱ्या पट्ट्याचे टायर हे बहुधा अमेरिकेतून मागवावे लागतात, तेथे त्यांचे नव्याने उत्पादन होते. मूळ टायर आडव्या-तिरप्या धाग्यांचे असत. त्याऐवजी रेडियल लावल्यास सुकाणूचा स्वभाव बदलतो. झिजलेली दातेरी चाके, किंगपिन, पाण्याच्या पंपाचे आस यांसारखे भाग स्थानिक लेथवर बनतात.

आकार हाही एक प्रश्न आहे. १९५९ ची कॅडिलॅक सुमारे ५.७ मीटर लांब असते, तर ॲम्बॅसडर सुमारे ४.३ मीटर. नागपूरच्या जुन्या महाल भागातील बोळांत ती वळत नाही आणि आजच्या गृहसंकुलातील वाहनतळाच्या आखलेल्या चौकटीत मावत नाही. दोन-अडीच टन वजन थांबवण्यासाठी तिला चारही चाकांवर ढोल (ड्रम) ब्रेक असतात. लागोपाठच्या वापराने ते तापतात आणि त्यांची पकड कमी होते.

हवामान आणि इंधन

नागपूरचा उन्हाळा जुन्या पेट्रोल गाडीची कठोर परीक्षा घेतो. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अशा उष्णतेत इंधननळीतील पेट्रोलचे बुडबुडे होतात, पंप पेट्रोलऐवजी वाफ ओढतो आणि गाडी चौकात बंद पडते. एका ओळीतील आठ नळकांड्यांच्या इंजिनात इंधनाचा पंप व नळी धुराड्याच्या जवळून जात असल्यास हा दोष वाढतो. पंपावर ओले फडके गुंडाळणे हा जुन्या चालकांचा उपाय होता. आता टाकीजवळ विजेचा छोटा पंप दृष्टीआड बसवला जातो. मूळ स्वरूपात बदल न करता केलेली आणि उलट फिरवता येणारी सुधारणा म्हणून बहुतेक परीक्षक ती चालवून घेतात.

इंधनातील बदल हा नवा प्रश्न आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. त्याचा १९३० पूर्वीच्या कमी दाबाच्या इंजिनांवर फारसा परिणाम झाला नाही, कारण त्यांची रचनाच शिसे मिसळलेले पेट्रोल सार्वत्रिक होण्यापूर्वीची होती. १९५० च्या दशकातील उच्च दाबाच्या व्ही-८ इंजिनांना मात्र अधिक ऑक्टेनचे इंधन लागते आणि त्यांच्या झडपांच्या बैठका कठीण धातूच्या करून घ्याव्या लागतात. पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढत जाऊन २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या, बुचाचे तरंगक आणि त्यावरील लाखेचा लेप खराब करते. शिवाय ते हवेतील ओलावा शोषते. महिन्यातून एकदाच चालणाऱ्या गाडीच्या टाकीत त्यामुळे गंज धरतो. वर्षभर उभी राहणारी गाडी पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून ठेवावी, असा सल्ला जाणकार देतात.

कायदा व कागदपत्रे

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीपद्धती आणली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षांसाठी वैध असते; पुनर्नोंदणीला ५,००० रुपये लागतात. क्रमांकात राज्याच्या संकेतानंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी नित्य वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, संशोधन, विंटेज फेरी, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी ती चालवण्याची मुभा आहे. वरातीसाठी भाड्याने देणे, ज्या उत्पन्नावर कित्येक गाड्या आजवर टिकल्या, ते या नोंदणीत बसत नाही. जुना क्रमांक ज्यांच्याकडे आहे त्यांना तो ठेवता येतो.

नियमांतील कळीची अट मूळ स्वरूपाची आहे. वाहन त्याच्या मूळ रूपात असावे आणि चॅसिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, असे नियम सांगतात. मॅटाडोरचे इंजिन असलेली ब्यूइक या अटीत बसत नाही. मालकाने मूळ प्रकारचे इंजिन शोधून बसवले तरी दुसरी अडचण उभी राहते. त्या काळी अनेक अमेरिकी कंपन्या इंजिन क्रमांकालाच गाडीचा ओळखक्रमांक मानीत; सतरा अक्षरांचा प्रमाणित चॅसिस क्रमांक १९८१ मध्ये आला. भारतीय नोंदणीपुस्तकात कधी पहिल्या इंजिनाचा, कधी बदललेल्या डिझेल इंजिनाचा क्रमांक असतो. तिसरे, म्हणजे पुन्हा आणलेले मूळ प्रकारचे इंजिन बसले की गाडी अस्सलपणाच्या जवळ जाते आणि कागदपत्रांपासून दूर. इंजिन बदलण्याची प्रत्येक नोंद वेळच्या वेळी प्रादेशिक परिवहन कार्यालयात करून घेतलेल्या कुटुंबांनाच ही साखळी दाखवता येते.

मेळावे व संग्रहालये

भारतातील सर्वांत जुन्या विंटेज फेऱ्या दिल्ली व कलकत्ता येथे स्टेट्समन या वृत्तपत्राने सुरू केल्या. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया ही संस्था कार्यरत आहे. मुंबईचे उद्योगपती प्राणलाल भोगीलाल (निधन २०११) यांच्या संग्रहातील शंभराहून अधिक गाड्या अहमदाबादजवळ कठवाडा येथील ऑटो वर्ल्ड संग्रहालयात आहेत. त्यांत पॅकार्ड, लिंकन, कॅडिलॅक अशा अमेरिकी गाड्यांची संख्या लक्षणीय आहे. २००८ मध्ये मुंबईत कार्तिए या संस्थेने भरवलेल्या स्पर्धेपासून आंतरराष्ट्रीय परीक्षकांकडून गाड्या तपासून घेण्याची पद्धत येथे रुळली. जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात अशी मोठी स्पर्धा झाली. अमेरिकेतील पेबल बीच येथील प्रसिद्ध स्पर्धेत २०१८ मध्ये ब्रिटिश राजवटीतील भारतीय मोटारींसाठी स्वतंत्र वर्ग ठेवण्यात आला होता.

नागपुरातही हौशी मालकांच्या फेऱ्या आणि प्रदर्शने होतात. ती बहुधा हिवाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात भरतात. तेव्हा पंपावर ओले फडके गुंडाळावे लागत नाही.